गोगोचा डबा, माझा कुकर

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं आणि "अॅ… अॅ…" काढून टाकलंय.)



आजचा एपिसोड रेसिपीचा आहे. हो, बरोबर ऐकलंत. एरवी सर्व्हर आणि डेटाबेसवर बडबड करणारा माणूस आज कडधान्य शिजवणार आहे. पण लगेच पुढे ढकलू नका, कारण यात डेटाबेसही येणार आहे, बॅकअपही येणार आहे आणि मी केलेला एक भलामोठा घोळही येणार आहे. रेसिपी पूर्ण सांगणार, प्रमाणासकट. पण घोळ आधी, कारण घोळाशिवाय ती रेसिपी मला मिळालीच नसती.

पदार्थाचं नाव, सिफुफे सेतिंडलुबु. घाबरू नका, तोडून म्हणू. तिंडलुबु म्हणजे एक प्रकारचं कडधान्य. सिफुफे म्हणजे ते शिजवून, घोटून केलेला घट्ट गोळा. यातला "फ" आपल्या "फळ"मधला आहे, "फॅन"मधला नाही. हा पदार्थ एस्वातिनीचा.

एस्वातिनी म्हणजे जुनं स्वाझीलँड. ६ सप्टेंबर १९६८ ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेला देश. २०१८ मध्ये स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा तिथल्या राजाने, म्हणजे तिसऱ्या म्स्वाती यांनी, देशाचं नाव बदलून एस्वातिनी केलं. अर्थ तोच, स्वाझी लोकांची भूमी. तीन बाजूंनी दक्षिण आफ्रिका, पूर्वेला मोझांबिक. क्षेत्रफळ १७,३६४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अहिल्यानगर जिल्हा उचलून तिथे ठेवला तर थोडीशीच जागा उरेल. लोकसंख्या साधारण १२ लाख. देश आटोपशीर, पण डोंगर, थंडी, उसाचे मळे, सगळं त्यात आहे.

मी तिथे कामासाठी आठ महिने होतो, ऑगस्ट ते मार्च. ऑफिस राजधानीत, म्बाबानेला. मी राहायचो तिथून खाली उतरून, एझुलविनी खोरं ओलांडून मालकर्न्सच्या बाजूला. एका आजींच्या आवारात एक वेगळी खोली भाड्याने मिळाली होती. सिस्वाती भाषेत आजीला गोगो म्हणतात. मी पहिल्या दिवशी "मॅडम" म्हणालो, दुसऱ्या दिवशी "गोगो". तिसऱ्या दिवसापासून तिने मला वाढायला सुरुवात केली. त्यामुळे मी "गोगो म्हणाली" असं एकेरीच बोलणार आहे. आपण "आजी म्हणाली" म्हणतो ना, तसं.

घरात दोघीच. गोगो आणि तिची नात, लेकीची लेक, चौदा वर्षांची. मधली पिढी नव्हती. का नव्हती हे गोगो बोलली नाही, मीही विचारलं नाही. एवढं सांगतो की एस्वातिनीत प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त राहिलं आहे, चारात एक माणूस. आता औषधं पोचली आहेत आणि त्या लढाईत या देशाने खूप मोठं काम केलंय. पण औषधं पोचायच्या आधीची जी वर्षं गेली, त्यात आजी आणि नातवंडं एवढीच उरलेली घरं खूप झाली. आता रेसिपीच्या दृष्टीने बघा. आई लेकीला शिकवते, लेक तिच्या लेकीला. मधली एक पायरी गेली की आजीला थेट नातीपर्यंत उडी मारावी लागते. आणि नात दिवसभर शाळेत.

आता कडधान्याकडे येऊ.

तिंडलुबुला तिथे इंग्रजीत जुगो बीन्स म्हणतात. झुलू भाषेत इझिंडलुबु, शोना भाषेत न्यिमो. शास्त्रीय नाव व्हिग्ना सबटेरेनिया. सबटेरेनिया म्हणजे जमिनीखालची. भुईमुगासारखंच हे झाड. पिवळं छोटं फूल जमिनीलगत येतं, मग देठ वाकून मातीत शिरतो आणि शेंग आत धरते. शेंग गोल, आत बहुतेक वेळा एकच दाणा, क्वचित दोन. दाणा वाटाण्यापेक्षा मोठा, अगदी गुळगुळीत. रंग बघाल तर बघतच राहाल. पांढरट, लालभडक, काळा, ठिपक्यांचा.

दिसायला भुईमुगाचा भाऊ, पण स्वभाव हरभऱ्याचा. भुईमुगात निम्म्याच्या आसपास तेल असतं, यात सहा-सात टक्के. प्रथिनं साधारण पाचवा हिस्सा, आणि ६० टक्क्यांच्या आसपास कर्बोदकं. म्हणजे वरण आणि भात एकाच दाण्यात म्हणा ना. शिवाय पाऊस कमी पडला, जमीन हलकी असली तरी तग धरतं. २०१५-१६ च्या दुष्काळात एस्वातिनीला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली होती. अशा देशात हा गुण म्हणजे चैन नव्हे, गरज आहे.

मग हे जगभर का नाही पसरलं? एक मोठं कारण आपला लाडका शेंगदाणा. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीज जहाजांबरोबर आफ्रिकेत आला. त्यात तेल, तेलाला बाजार, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्याने तिंडलुबुला बाजूला सारलं. तिंडलुबु उरलं ते बायकांच्या तुकड्यांवर. घरामागे, मक्याच्या कडेला, थोडंसं. अजूनही हे मुख्यतः बायकांचंच पीक आहे. संशोधक अशा पिकांना "अनाथ पिकं" म्हणतात, ज्यांच्याकडे मोठ्या बियाणे कंपन्या ढुंकून बघत नाहीत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर उभी आहे. मक्याचं बियाणं दुकानात पिशवीत मिळतं. तिंडलुबुचं सहसा मिळत नाही. ते मिळतं स्वतःच्या गेल्या वर्षीच्या पिकातून, नाहीतर शेजारणीकडून.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. (मोठा श्वास.) चला, घोळाकडे.

ऑक्टोबरचा शेवट होता. तिथे उन्हाळा सुरू होतो, पहिला पाऊस येतो. गुरुवारी मस्त पाऊस झाला होता. शुक्रवारी गोगो एका नातेवाइकांच्या अंत्यविधीला दक्षिणेला, शिसेलवेनी भागात गेली. तिथे रात्रभर जागरण असतं, म्हणून शनिवारी दुपारी परत येणार. नात घरीच, पण सकाळी शाळेत जादा तास.

मी आल्यापासून गोगो दोन-तीनदा म्हणाली होती, "तुला सिफुफे करून घालायचंय." मग मला सुचलं की आपणच करू! दमून-भागून येईल, गरम गरम पुढे ठेवू. शुक्रवारी ऑफिसमधून येताना कोंबीतून, म्हणजे तिथल्या मिनीबसमधून, उतरून बाजारात शोधलं, तिंडलुबु मिळाले नाहीत. आता कळतं, का मिळतील? काढणी मार्च ते मेमध्ये. ऑक्टोबरला बहुतेक घरातलं खायचं संपलेलं असतं.

आणि मग मला आठवला डबा.

गोगोच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर दूध पावडरचा जुना पत्र्याचा डबा होता. उघडला, तर आत तिंडलुबु! साधारण दीड किलो. लाल, पांढरट, दोन-चार काळे. सगळ्यांवर करडी पूड. मी म्हटलं, किती धूळ बसलीये. तीन पाण्यांनी स्वच्छ धुतले.

मंडळी, ती धूळ नव्हती. राख होती.

इथे तुमच्यातल्या ज्यांचं गाव शाबूत आहे त्यांनी कपाळावर हात मारला असेल. कारण आपल्याकडेही बियाण्याचं कडधान्य राखेत घोळून ठेवतात, भुंगा लागू नये म्हणून. माझी आजी वाल असेच ठेवायची. मी लहानपणी त्या मडक्यात हात घातला म्हणून फटका खाल्लेला आहे. आणि तरीही, पंचवीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या आजीच्या डब्यासमोर माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. बीटेक केलं, सहा वर्षं नोकरी केली, पण राख ओळखता आली नाही.

रात्री नऊला सगळेच्या सगळे भिजत घातले. दोन पातेल्यांत. मनात म्हटलं, उरले तर उसळ करू.

सकाळी अकराला एका पातेल्यातले अर्धा किलोच्या आसपास दाणे कुकरला लावले. पुण्याहून नेलेला पाच लिटरचा कुकर, माझा अभिमान. सहा शिट्ट्या. उघडून दाबून पाहिलं, गोटी. परत लावला. तेवढ्यात नात आली. शिट्टीचा आवाज तिला नवीन नव्हता, मी रोज डाळ लावायचो. ती हसत हसत आत आली, टेबलावरचं दुसरं पातेलं बघितलं. मग वर फळीकडे बघितलं. रिकामा डबा उघडा पडलेला. तिने तोंडावर हात ठेवला.

"हे खायचे नव्हते," ती म्हणाली. "हे पेरायचे होते. सोमवारी."

मंडळी, तुम्ही कधी चुकून प्रॉडक्शनवर डिलीट चालवलंय? मी चालवलंय, पहिल्या नोकरीत. हातपाय गार पडतात, कानात शांतता होते. तसंच झालं. फरक एवढाच, की तेव्हा सिनियरने विचारलं होतं, "बॅकअप आहे ना?" आणि होता. इथे तो डबाच बॅकअप होता. आणि मी तो धुऊन कुकरला लावला होता.

नातीने फोन लावला. सिस्वातीमध्ये बोलणं झालं. मला फक्त माझं नाव आणि "कुकर" एवढं कळलं. मग बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग गोगोने एकच प्रश्न विचारला, नातीने तो मला सांगितला: "पाण्यात किती वेळ झाला?"

मी बोटांवर मोजलं. "चौदा तास."

परत थोडी शांतता. मग सूचना आल्या. न शिजवलेल्या दाण्यांतलं पाणी लगेच काढ. ओल्या फडक्यात पसरून ठेव. फडकं सुकू देऊ नकोस, पण पाण्यात परत टाकू नकोस. उन्हात नको. कुकरमधले आहेत त्यांना हात लावू नकोस, मी येते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खरं सांगतो.

तीनला गोगो आली. रात्रभराचं जागरण, चार तासांचा प्रवास. चहाही घेतला नाही. फडक्यावरचे दाणे एक-एक उचलून बघितले. काहींची साल फुगून सुटली होती, ते बाजूला. काही फुटले होते, ते बाजूला. उरलेले परातीत. मग तिने कुदळ उचलली आणि माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी पेरणी केली. माती गुरुवारच्या पावसाने ओली होतीच. नशीब म्हणा. मी सरी ओढायची, गोगो दाणा टाकणार, नात मातीने झाकणार. फार खोल नाही, बोटाची दोन पेरं. मी घाई केली की गोगो नुसती थांबायची. बोलायची नाही, थांबायची. मग मी ती सरी परत नीट करायचो. अंधार पडला तेव्हा बारा ओळी झाल्या होत्या. नातीने मोबाईलचा टॉर्च धरला आणि शेवटची ओळ आम्ही त्या उजेडात केली.

नंतर मी वाचलं की पेरणीआधी बी काही तास भिजवणं ही एक खरीखुरी पद्धत आहे, त्याने उगवण लवकर होऊ शकते. पण त्यासाठी भिजवलेलं बी लगेच ओल्या जमिनीत जायला हवं. म्हणजे माझ्या घोळाला एकच दार उघडं होतं आणि ते काही तासच उघडं राहणार होतं. गोगोने हे वाचलेलं नव्हतं. तिने फक्त विचारलं, किती वेळ झाला.

हात धुतले. मला वाटलं, आता ती झोपायला जाईल. ती चुलीकडे गेली. म्हणाली, "शिजायला लागलेलं टाकून द्यायचं नाही. ये."

आणि अशी मला रेसिपी मिळाली.

घराच्या मागे वेगळी चूल होती, तीन पायांचं ओतीव लोखंडाचं काळं भांडं. जळण वॉटलच्या लाकडाचं. वॉटल मूळचं ऑस्ट्रेलियाचं झाड, तिथे रानभर पसरलंय. कुकरमधले अर्धेकच्चे दाणे तिने त्या भांड्यात ओतले, गरम पाणी घातलं आणि बसली. मी विचारलं, "अजून किती वेळ?" ती म्हणाली, "होईल तेव्हा."

मला आकडा हवा होता. इंजिनियर ना. मग मी स्वतःच घड्याळ लावलं. अजून एक तास वीस मिनिटं लागली.

कडधान्य इतकं हट्टी का होतं, याचं कारण रंजक आहे. दाणा उबदार आणि दमट जागेत महिनोन्महिने राहिला की त्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा जो पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी घट्ट बांधला जातो. मग तो पाण्यात सहज विरघळत नाही, पेशी सुट्या होत नाहीत आणि दाणा गोटीसारखा राहतो. म्हणून जुनं कडधान्य नव्यापेक्षा जास्त वेळ घेतं. आणि हाच तर बियाण्याचा डबा होता, पाच-सहा महिने फळीवर बसलेला. खायचे दाणे असते तर तिने आधीच संपवले असते. माझा कुकर सहा शिट्ट्यांत काय करणार?

त्या तासाभरात गोगोने नातीला शेजारी बसवलं आणि प्रत्येक गोष्ट दोनदा केली. एकदा स्वतः, एकदा नातीच्या हाताने. दाणा चिमटीत दाबायचा. साल सरकली आणि आतला भाग लोण्यासारखा दबला तर झाला. वाळूसारखा मोडला तर नाही झाला. तिने नातीला तीन वेगवेगळ्या वेळी दाबायला लावलं. मी आपला मध्ये दुभाषी नसलेला, अपराधी प्रेक्षक. पण मला वाटतं, त्या रात्री ती मला शिकवत नव्हतीच. मी निमित्त होतो. डबा रिकामा बघून तिलाही काहीतरी आठवलं असावं, की हे सगळं आपल्या एकटीच्या हातात आहे.

मग घोटणं. पाणी काढून वाटीत ठेवलं, फेकलं नाही. मीठ आत्ता. मग लाकडी डावाने भांड्यातच घोटायला सुरुवात. कोरडं वाटलं की ते काढलेलं पाणी चमचाभर. परत घोटा. फार गुळगुळीत नाही करायचं, मधे एखादा अर्धा दाणा लागला पाहिजे. डाव उभा राहिला म्हणजे झालं.

चव? तिखट नाही, फोडणी नाही, हळद नाही. पहिल्या घासाला माझी मराठी जीभ म्हणाली, "राहिलं की काय काहीतरी?" दुसऱ्या घासाला उकडलेल्या शेंगा आठवल्या. तिसऱ्याला भाजलेल्या हरभऱ्याचा वास आला. मातीचा एक गोडसर स्वाद मागे राहतो आणि पोट असं भरतं की बास. सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी होती, शेंगदाण्याचं कूट घातलेली. तिला उम्बिद्वो म्हणतात. म्हणजे त्या ताटात मातीखालचे दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते.

मी अर्थात दुसऱ्या दिवशी लसूण-मिरचीची फोडणी घालून उरलेलं खाल्लं. गोगोने चाखलं, "छान आहे," म्हणाली आणि परत स्वतःचं साधं घेतलं. तेवढं मी समजून घेतलं.

रविवारी चर्चनंतर गोगो मला घेऊन निघाली. मला वाटलं, शिक्षा आहे. शिक्षाच होती थोडीशी. तीन घरं फिरलो. प्रत्येक घरात ती माझ्याकडे बोट दाखवून गोष्ट सांगायची, बायका आधी "हाऽऽ" करून श्वास आत घ्यायच्या आणि मग पोट धरून हसायच्या. आणि प्रत्येक घरातून एक-एक कप तिंडलुबु मिळाले, राखेसकट. परत येताना नातीने सांगितलं, एका घरात चार वर्षांपूर्वी बी कमी पडलं होतं तेव्हा गोगोने दिलं होतं. दुसऱ्या घरात तर लग्न होऊन आलेल्या सुनेला तिनेच पहिलं बी दिलं होतं.

म्हणजे डबा हा एकटा बॅकअप नव्हता. मी ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर समजत होतो, ती तर चार घरांत ठेवलेली कॉपी होती. फरक एवढाच, की ही कॉपी आपोआप होत नाही. दरवर्षी कोणीतरी आपल्या ताटातलं कमी करून, डब्यात बाजूला ठेवावं लागतं, आणि मागायला आलेल्याला द्यावं लागतं. त्याची गोगोंना सवय आहे. नातींना लागेल का, हा प्रश्न मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा पडला.

आता प्रामाणिकपणे निकाल. आम्ही अंधारात लावलेल्या बारा ओळींत खूप खंड पडले. दहा-बारा दिवसांनी कोंब दिसायला लागले, पण काही ओळी अर्ध्या रिकाम्या होत्या. तिथे शेजारच्या घरांतलं बी लावलं. माझ्यामुळे त्या वर्षी तिचं पीक कमी आलं, यात गोड करून सांगण्यासारखं काही नाही. मी पैसे देऊ केले. तिने भाड्यातून वळते करून घेतले नाहीत, उलट दर शनिवारी निंदणीला बोलावलं. फुलं आल्यावर झाडाच्या बुंध्याशी माती चढवायची असते, म्हणजे शेंगा झाकलेल्या राहतात. ते काम जानेवारीभर माझ्याकडे होतं. पाठीचं काय झालं ते विचारू नका.

चला, कागद-पेन घ्या. नाहीतर स्क्रीनशॉट मारा, मजकूर खाली आहेच.

आधी एक अडचण सांगतो. हे दाणे आपल्याकडे बाजारात मिळत नाहीत. जे ऐकणारे दक्षिण आफ्रिकेत, झिम्बाब्वेत किंवा लंडनसारख्या शहरात आहेत त्यांनी आफ्रिकन किराणा दुकानात जुगो बीन्स, इझिंडलुबु किंवा न्यिमो विचारा. बॅगेत घालून भारतात आणायचा मोह आवरा. परदेशातून बी आणायला परवाना आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. एक नवी कीड सगळ्यांना महागात पडते. मीही आणले नाहीत.

इथे करून बघायचं असेल तर चवळी घ्या. चवळी तिंडलुबुची सख्खी चुलत बहीण. तीही व्हिग्नाच, आणि मूळची आफ्रिकेचीच, फक्त फार पूर्वी आपल्याकडे येऊन आपली झाली. चव तीच येणार नाही, पण हात बसेल. चवळी मात्र खूप लवकर शिजते, पुढचे वेळ तिला लावू नका.

साहित्य: दोन वाट्या तिंडलुबु, पाणी, मीठ. संपलं.

एक. दाणे निवडा. किडके, सुरकुतलेले काढा. धुवा. आणि डबा कोणाच्या घरातला असेल तर आधी विचारा.

दोन. रात्रभर भिजवा, दहा-बारा तास. पाणी दाण्यांच्या तिप्पट, कारण ते फुगतात. सकाळी ते पाणी काढून टाका. गोगो झाडांना घालायची.

तीन. उघड्या भांड्यात करत असाल तर चार बोटं वर येईल एवढं ताजं पाणी घाला. उकळी आली की वरचा फेस काढा, मग झाकण ठेवून मंद आंचेवर अडीच-तीन तास. पाणी कमी झालं तर गरमच पाणी घाला. कुकर असेल तर पहिल्या शिट्टीनंतर आंच बारीक करून ४५ मिनिटं, आणि वाफ आपली आपण जिरू द्या. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका.

चार. चिमटीत दाबून बघा. लोणी की वाळू? वाळू असेल तर परत चढवा. घड्याळापेक्षा चिमटीवर विश्वास ठेवा.

पाच. पाणी वेगळं काढा, मीठ घाला, घोटा. लागेल तसं तेच पाणी परत घाला. मीठ आधी घातलं तर दाणे शिजत नाहीत असं गोगो म्हणते. खरं तर भिजवतानाच थोडं मीठ घातलं तर साल उलट मऊ पडते. मी हे तिला सांगितलं नाही. त्या घरात माझी विश्वासार्हता जेमतेम होती.

सहा. गरम खा, हाताने, पालेभाजीबरोबर.

बस, एवढंच.

मार्चच्या शेवटी मी परत आलो, काढणीच्या थोडं आधी. निघताना न्गियाबोंगा म्हणालो, म्हणजे आभारी आहे. गोगोने कुकर ठेवून घेतला. म्हणाली, हा इथे जास्त कामाला येईल. बरोबर होतं तिचं.

एप्रिलच्या शेवटी नातीचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. तोच दूध पावडरचा डबा. उघडा, आत राखेतले दाणे, गेल्या वेळेपेक्षा कमी, डबा साधारण अर्धा. खाली तिने लिहिलं होतं की या वर्षी दाणे तिने निवडले, गोगो फक्त बाजूला बसली होती. लाल वेगळे, पांढरट वेगळे.

दुसऱ्या फोटोत झाकण होतं. त्यावर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर मार्करने, मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, "खायचे नाहीत."

त्या घरात इंग्रजीतली पाटी लागेल असा एकच माणूस कधी राहून गेलाय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरात असा एखादा डबा, मडकं, पुडी असेल जिला हात लावल्यावर फटका बसतो, तर त्यात काय आहे ते एकदा आजीला विचारा आणि मला लिहून पाठवा. काळजी घ्या, मंडळी.